लखनौच्या जानेवारीत अडलेलं शटर

लखनौहून परत आलं की घरचे काय विचारतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. चिकनचे कुर्ते किती आणलेस? कबाब खाल्लेस का? भुलभुलैयात हरवलीस की नाही? मी यातलं सगळं केलं. पण तुम्ही जानेवारीत तिकडे जाणार असाल, किंवा तुमचं कुणी लखनौला, कानपूरला, दिल्लीला राहत असेल, तर मला तुम्हाला आधी एका शटरबद्दल सांगायचं आहे. मावशीच्या घरच्या गाडीच्या खोलीचं साधं लोखंडी शटर. त्याच्यामुळे मी अर्धं लखनौ दारांकडे बघत फिरले.

माझी मावशी मूळची रत्नागिरीची. काका रेल्वेत होते. लखनौच्या मानकनगरात रेल्वेची आरडीएसओ नावाची मोठी संस्था आहे. डबे, इंजिनं, रूळ कसे असावेत याचे आराखडे आणि मानकं तिथे ठरतात. काकांची उमेदीची सगळी वर्षं तिथेच गेली आणि निवृत्तीनंतरही ते तिथून हलले नाहीत. इंदिरानगरात १९९४ साली बांधलेलं त्यांचं दुमजली घर आहे. खाली एका बाजूला गाडीची खोली, तिला रस्त्याकडे उघडणारं शटर.

मी पोचले तेव्हा गाडी सहा तास उशिरा होती. धुक्याच्या दिवसांत तिकडे हे कुणाला नवल वाटत नाही. चारबाग स्टेशनच्या लाल-पांढऱ्या घुमटांचे फोटो काढायचे ठरवून गेले होते, तर फलाटाचं दुसरं टोकसुद्धा दिसेना. तुम्हाला पुण्या-मुंबईची थंडी माहीत असेल, तर ही वेगळी आहे. पारा उतरून चार-पाच अंशांपर्यंत जातो हे एक. पण खरा त्रास ओलाव्याचा. रात्रभर हवेतलं पाणी प्रत्येक गार वस्तूवर बसतं. गाडीच्या टपावर, गॅलरीच्या कठड्यावर, कुलपावर. सकाळी शटरला हात लावला तर घाम फुटल्यासारखं ओलं लागतं.

माझ्या मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशी, पहाटे पाचच्या सुमाराला मावशीच्या हाकेनं मी उठले. काकांना दम्याचा जुना त्रास आहे. त्या पहाटे त्यांचा श्वास लागला होता, नेहमीच्या पंपानं उतार पडत नव्हता आणि ते पलंगाच्या काठावर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसले होते. अशा वेळी माणूस बोलत नाही, नुसता बघतो. ते बघणं मला अजून आठवतं.

धाकटा मावसभाऊ किल्ली घेऊन खाली धावला. कुलूप उघडलं, पण शटर उठेना. दोघांनी मिळून जोर लावला. डावी बाजू वीतभर वर आली, उजवी तिथेच. शटर तिरकं होऊन खाचेत असं रुतलं की आता ते वरही जाईना आणि खालीही येईना. भाऊ म्हणाला, तोवर इंजिन तरी गरम करून ठेवतो, आणि आतल्या दारानं जाऊन त्यानं गाडी सुरू केली.

काकांना आतून तो आवाज ऐकू गेला. बोलता येत नव्हतं, तर त्यांनी उशाचा स्टीलचा पेला जमिनीवर आपटला आणि हातानं खूण केली, बंद कर. मला वाटलं त्यांना घाई झाली आहे. कारण नंतर कळलं.

शेवटी शेजारच्या वकीलसाहेबांना उठवलं. त्यांच्या अंगणाला साधं सळ्यांचं फाटक, ढकललं की उघडतं. ते स्वेटरवर शाल गुंडाळून, कानटोपी घालून तसेच निघाले. धुक्यात पुढच्या गाडीचा लाल दिवा बघत बघत आम्ही इस्पितळात पोचलो. ऑक्सिजन लावला, वाफ दिली, इंजेक्शन झालं. दुपारपर्यंत काका चहा मागायला लागले. डॉक्टर एवढंच म्हणाले, अजून अर्धा तास लावला असता तर मला वेगळं बोलावं लागलं असतं.

शटरशी झगडण्यात आमची वीस मिनिटं गेली होती.

काकांना दोन दिवस तिथेच ठेवलं. घरी शटर मात्र तसंच तिरकं उभं होतं. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला, ऊन जरा फटफटल्यावर मिस्त्री आले. साठीचे असतील. गळ्यात मफलर, सायकलला पिशवी. आल्या आल्या त्यांनी शटरला हात लावला नाही. आधी बाजूच्या खाचेत बोट फिरवलं, बोटावर आलेलं पांढुरकं काहीतरी चोळून पाहिलं, नाकाशी नेलं आणि मावशीकडे वळून अदबीनं विचारलं, “बहनजी, ये नारियल का तेल किसने डाला?”

मावशीनं घातलं होतं. तुम्ही कोकणातले असाल तर हसू नका, तुमच्याही घरी हेच होत असणार. मावशी दर वर्षी माहेरून घाण्यावरच्या खोबरेल तेलाचा डबा आणते. केसांना तेच, निरांजनात तेच, करकरणाऱ्या बिजागरीलाही तेच. रत्नागिरीला हे सगळं चालून जातं. तिकडेही थंडीत सकाळी बाटली गोठते, पण दहा वाजले की पुन्हा पातळ होते. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली घट्ट व्हायला लागतं. लखनौच्या जानेवारीत ते रात्रीच काय, भर दुपारीही वितळत नाही. इतकी वर्षं शटरचं बघायचे काका, आणि ते शिलाई मशीनचं तेल वापरायचे. या दिवाळीत त्यांना गुडघ्यांमुळे खाली बसवेना, म्हणून मावशीनं साफसफाई करताना हौसेनं दोन्ही खाचांत खोबरेल सोडलं. दिवाळीत हवा उबदार होती, शटर लोण्यासारखं चाललं. जानेवारीत तेच तेल मेणबत्तीच्या मेणासारखं बसलं. त्यात धूळ अडकली. भर म्हणजे धुक्यामुळे दोन आठवडे गाडी बाहेर काढली नव्हती आणि खालच्या पट्टीला गंज धरला होता.

मिस्त्रींनी मला विचारलं, “बिटिया, बाल सुखाने वाली मशीन है?” मी ड्रायर आणून दिला. त्यांनी खाचेच्या वरच्या टोकापासून हळूहळू गरम वारा मारत खाली आणला, तर पांढरा थर पाघळून ओघळ वाहू लागले. मागून त्यांचा हात फडक्यानं पुसत होता. केस वाळवायचं यंत्र शटरला लावलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. गल्लीतल्या दोन पोरांनी व्हिडिओही काढला.

ते काम करत असताना मी स्टूल घेऊन शेजारी बसले आणि शटर म्हणजे काय हे आयुष्यात पहिल्यांदा समजून घेतलं. तुम्हीही घ्या, कारण दुकानाला, गोदामाला, घराला, कुठेतरी तुमचा याच्याशी रोज संबंध येतो. लोखंडी पट्ट्या एकमेकींत अडकवून केलेली ती एक चटईच असते. दोन्ही बाजूंना खाचा, वर आडवा पाइप आणि त्या पाइपावर बसवलेल्या डब्यांत गुंडाळलेल्या स्प्रिंगा. मावशीच्या शटरएवढं शटर सहज सत्तर-ऐंशी किलोंचं असतं. तुम्ही एका हातानं वर ढकलता तेव्हा ते वजन तुम्ही उचलत नसता. आदल्या वेळी शटर खाली ओढताना स्प्रिंगेत जी ताकद गुंडाळली, ती आता परत मिळते. म्हणून शटर जड लागायला लागलं की ते म्हातारं झालं असं म्हणून जास्त जोर लावायचा नसतो. दोनच शक्यता: खाचेत घर्षण वाढलंय किंवा एका बाजूची स्प्रिंग थकली आहे. आमच्याकडे दोन्ही होतं. उजवी स्प्रिंग थकलेली, म्हणून तर डावी बाजू वर आली आणि उजवी राहिली.

स्प्रिंगेला मिस्त्रींनी मला हात लावू दिला नाही. ताणलेली स्प्रिंग सुटली तर बोट जाऊ शकतं, डोळा जाऊ शकतो. खाच पुसणं, कुलपात तेल घालणं हे घरच्या माणसाचं काम. स्प्रिंग, पाइप आणि वरचा कंस मात्र मिस्त्रीचाच. घरात कितीही हुशार भाऊ असला तरी.

तिसऱ्या दिवशी काका घरी आले. पलंगावर उशाला टेकून बसले आणि त्यांना जोर चढला. इंजिनियर माणूस, तो आजारी पडला तरी कागद मागतो. मी सहज म्हटलं होतं, “काका, थंडीनं लोखंड आकसतं, म्हणून अडकलं असेल ना?” हे आपण सगळेच म्हणतो. काकांनी माझ्याच वहीत हिशोब मांडला. लखनौत मेमधलं ४५ अंश आणि जानेवारीतलं ५ अंश, फरक ४० अंशांचा. तीन मीटर रुंदीचं लोखंडी शटर एवढ्या फरकानं आकसून आकसून किती आकसेल? दीड मिलिमीटरसुद्धा नाही. दोन्ही बाजूंच्या खाचांत त्याहून कितीतरी जास्त मोकळी जागा ठेवलेली असते. “मग लोखंडाला दोष देऊ नकोस,” काका म्हणाले. “लोखंड बिचारं होतं तिथेच आहे. तेल बदललं, गंज बदलला, आपली सवय बदलली.”

मग मी पेल्याबद्दल विचारलं.

काकांनी सांगितलं ते नीट वाचा, प्रवासाचा लेख आहे म्हणून पुढे सरकवू नका. बंद खोलीत गाडीचं इंजिन चालू ठेवलं की धुरातून कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला रंग नाही, वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणजे माणूस श्वास घेत असतो आणि तरी गुदमरतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. गुंगी आली की उठून दार उघडायचं सुचत नाही. आमचं शटर वीतभर उघडं होतं, तेवढ्यानं काही होत नाही. आणि त्या खोलीचं आतलं दार थेट जिन्याखालून काकांच्या खोलीकडे येतं. आधीच श्वास लागलेला माणूस आणि शेजारी चालू इंजिन. उत्तरेकडे दर थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या येतात. त्यामागे हाच वायू. गाडी गरम करायची तर आधी बाहेर काढा. शटर उघडत नसेल तर गाडी बंदच राहू द्या.

भाऊ हे ऐकून बराच वेळ गप्प होता.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण लखनौ कुठे आहे? ते पुढच्या तीन दिवसांत. काका सुधारले आणि मावशीनं मला घराबाहेर काढलं. “आलीस ती नुसती दवाखाना बघायला का?” म्हणाली. इंदिरानगरहून मेट्रो आहे, ती थंडीत सगळ्यात बरी. के. डी. सिंग बाबू स्टेडियमला उतरायचं, तिथून ई-रिक्षा करून चौकात.

चौक म्हणजे जुन्या लखनौचा बाजार. एका टोकाला गोल दरवाजा, दुसऱ्या टोकाला अकबरी दरवाजा. गोल दरवाजाच्या आसपास थंडीच्या सकाळी मख्खन मलई विकतात. पिवळसर फेसाचा डोंगर परातीत, वर पिस्त्याची पखरण. आटवलेलं दूध रात्रभर उघड्यावर गारव्यात ठेवायचं, पहाटे घुसळायचं आणि वर येणारा फेस काढत जायचा. पानाच्या द्रोणात घेतला तर तोंडात घालेपर्यंत अर्धा विरघळतो. हा पदार्थ फक्त थंडीत होतो आणि ऊन चढलं की संपतो, म्हणून दहाच्या आत पोचा. खाताना मला मावशीचं तेल आठवलं. एकाच रात्रीच्या गारव्यानं तेलाचं काम बिघडवलं आणि दुधाचं साधलं.

चौकातल्याच एका गल्लीत काकांच्या कचेरीतल्या जुन्या मित्राचं वडिलोपार्जित घर आहे. शंभर वर्षांच्या पुढचं. बारीक, चपट्या लखौरी विटांचं, चुन्याच्या दर्ज्यांचं. मी तिथे गेले ती मुद्दाम दार बघायला, आणि हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की चहाआधी दारच दाखवलं. शिसवी रंगाची दोन जाड फळ्यांची कवाडं, त्यांवर पितळी फुल्या. पण बिजागरी कुठेच नाही! प्रत्येक कवाडाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला लाकडाचीच खुंटी आहे. खालची खुंटी दगडात कोरलेल्या खळग्यात फिरते, वरची चौकटीतल्या भोकात. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या दारांनाही हीच रचना असते. आत अडसर आणि बाहेर कडी-कोयंडा. गंजायला जवळजवळ काही नाहीच.

मग या दाराला थंडीत काहीच होत नाही? होतं, पण त्याचं दुखणं उलट्या जातीचं. लोखंडाचं दुखणं तेलात आणि गंजात, लाकडाचं पाण्यात. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि सोडतं. लांबीत ते जवळपास तसूभरही बदलत नाही, रुंदीत मात्र बदलतं. हातभर रुंदीची फळी कोरड्या मेपासून ओल्या ऑगस्टपर्यंत कित्येक मिलिमीटर फुगू शकते. धुक्याच्या जानेवारीत ती पुन्हा थोडी ओलावते. म्हणून दार चौकटीला घासायला लागतं, आणि इथेच बहुतेक लोक चूक करतात. पावसाळ्यात दार अडलं की सुताराला बोलावतात, तो रंधा मारतो, दार छान बसतं. मग मे येतो, लाकूड आक्रसतं आणि फटीतून बोट जातं. जानेवारीत त्याच फटीतून धुकं घरात येतं.

त्या गृहस्थांच्या वडिलांच्या काळात असंच झालं होतं. कवाडाच्या कडेला दोनदा रंधा मारला गेला. तिसऱ्या वेळी त्यांच्या आजोबांनी हात धरला. म्हणाले, आता तासायचं नाही, थांबायचं. तेव्हापासून त्या घरात पावसाळ्यात दार ढकलून उघडतात, आणि हिवाळ्यात मधल्या फटीवर आतून जुन्या रजईचा पडदा सोडतात. दाराच्या वरच्या आणि खालच्या धारेला मात्र दर दोन-तीन वर्षांनी जवसाचं तेल चोळतात, कारण लाकूड सगळ्यात जास्त पाणी तिथूनच पितं. आपण रंग लावताना नेमक्या याच दोन धारा विसरतो, दिसत नाहीत म्हणून. तुमच्या घरच्या दाराची खालची धार कधी रंगवली होती, आठवतंय?

मी त्यांना विचारलं, गाडी कुठे ठेवता. हसले. गल्ली चार हात रुंद. “गाड़ी मोहल्ले के बाहर सोती है, हम अंदर.”

चौकातून थोडं पुढे चालत गेलात की रूमी दरवाजा. नवाब आसफउद्दौलानं १७८४ साली बांधला, उंची सुमारे साठ फूट. तेव्हा दुष्काळ पडला होता आणि लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून बडा इमामबाडा आणि हा दरवाजा उभारला गेला. मी त्याच्या कमानीखाली उभी राहून वर बघत होते आणि एकदम लक्षात आलं की याला दारच नाही. लखनौची खूण म्हणून ज्या दरवाजाचं चित्र सगळीकडे छापलं जातं, त्याला कवाड नाही, कडी नाही, अडायचा प्रश्नच नाही. आणि तरी त्यालाही दुरुस्ती चुकलेली नाही. त्यातून वर्षानुवर्षं गाड्या धडधडत जायच्या, कमानीला भेगा पडल्या, आणि पुरातत्त्व खात्याला अलीकडे वाहतूक थांबवून तिची डागडुजी करावी लागली. चुन्याच्या बांधकामाला चुन्यानंच बुजवावं लागतं. त्यात सिमेंट भरलं तर ते कडक बसतं, ओलावा आत कोंडतो आणि जुनी वीट फुटते. खोबरेलाचीच गोष्ट, फक्त मोठी.

कैसरबागेत गेलात तर तिथल्या दरवाजांवरचे जोडमासे बघा. नवाबांचं चिन्ह ते. आणि तिथलंच संगीत विद्यापीठ बघितल्याशिवाय मराठी माणसानं परत येऊ नये. आपल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकारानं १९२६ साली तिथे मॅरिस कॉलेज सुरू झालं, आज ते त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. वाजिद अली शाहच्या परीखान्यात ते भरतं. मी गेले तेव्हा आतल्या एका खोलीत कुणी सकाळचा राग घोटत होतं, आणि दार थंडीमुळे लोटलेलं होतं. मी बाहेरच उभी राहिले.

नव्या लखनौचं थोडक्यात सांगते. गोमतीनगर विस्तारात भावाच्या मित्राचं घर आहे, चार वर्षांपूर्वीचं. फाटक मोटरचं, खिशातल्या बटणानं सरकतं. त्या घरातही या थंडीत फाटक अडलं होतं, आणि कारण ऐकून मला हसू आलं. फाटकाच्या दोन खांबांवर समोरासमोर दोन डोळे असतात. मधे कुणी आलं तर फाटक थांबावं म्हणून एकातून किरण निघतो, दुसऱ्यावर पडतो. त्या डोळ्यावर धुक्याचं पाणी साचलं आणि फाटकाला वाटलं समोर कुणीतरी उभं आहे. ते रात्रभर अदबीनं थांबून राहिलं. लखनौचं फाटक ते, ‘पहले आप’ म्हणत असणार! मऊ कापडानं डोळा पुसला की झालं. वीज गेली तर मात्र मोटर सोडवायची एक वेगळी किल्ली असते. ती किल्ली कुठे आहे हे त्या घरात फक्त मित्राच्या वडिलांना माहीत होतं, आणि ते लग्नाला बनारसला गेले होते.

मावशीचा थोरला मुलगा, आमचा दादा, कॅनडात एडमंटनला असतो. काकांच्या आजारपणात रोज रात्री व्हिडिओवर यायचा. त्याच्याकडे उणे तीस. त्यानं त्याचं दार दाखवलं. रुंद, आडव्या तुकड्यांचं, आत फोम भरलेलं, उघडलं की छताला समांतर जाऊन झोपतं. तिकडे तेल गोठायची वेळच येत नाही, कारण तसलं तेल कुणी वापरत नाही. त्यांची अडचण खालची. दाराच्या तळाशी रबराची पट्टी असते, बर्फाचं पाणी तिच्याखाली जातं आणि रात्रीत दार जमिनीला चिकटून बसतं. अशा वेळी बटण दाबत राहिलं तर मोटर जळते किंवा पट्टी फाटते. तो कडेनं थापट्या मारून बर्फ सोडवतो आणि थंडीआधी रबराला सिलिकॉनचा फवारा देतो. त्यांच्या स्प्रिंगा साधारण दहा हजार वेळा उघडझाप करण्याइतक्या बनवतात. दिवसातून चार वेळा दार हललं तर सातएक वर्षं. त्या तुटतात त्या बहुतेक कडाक्याच्या सकाळीच, बंदुकीच्या बारासारखा आवाज करत. अमेरिकेत १९९३ पासून घरगुती स्वयंचलित दारांना अडथळा ओळखून परत फिरायची सोय सक्तीची आहे, त्यामुळे तिथे तो किरणाचा डोळा घरोघरी असतो. दादा म्हणाला, “आई, मी इकडे दार उघडायला वीस मिनिटं आधी उठतो.” मावशी म्हणाली, “आम्ही तेवढीच वीस मिनिटं घालवली रे.”

तुमच्या घरी शटर असेल तर सांगते, आम्ही काय बदललं. खाचा कोरड्या ठेवायच्या, नुसत्या फडक्यानं पुसायच्या. तिथे ग्रीस किंवा घरातलं कुठलंही खायचं तेल घालायचं नाही. मोहरीचं तेल गोठत नाही खरं, पण काही महिन्यांत चिकट राळेसारखं होतं. हलणाऱ्या सांध्यांना शिलाई मशीनचं पातळ तेल, दोन थेंब. कुलपात शिसपेन्सिलीचं शिसं खरवडून त्याची पूड. गाडी काढायची नसली तरी शटर एक दिवसाआड उघडायचं. हे सगळं दिवाळीच्या धांदलीत नको म्हणून काकांनी दसरा ठरवला. त्या दिवशी गाडीला झेंडूचा हार घालतोच, तर त्याच हातानं शटर पुसायचं. थकलेली उजवी स्प्रिंग मिस्त्रींनी बदलली, डावीसुद्धा. एकच बदलली तर शटर पुन्हा तिरकं जातं. आणि मुख्य म्हणजे वकीलसाहेबांचा नंबर आता फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटवलाय, कारण शटर नीट असलं तरी एखाद्या दिवशी गाडीच सुरू होणार नाही.

मी निघाले त्या पहाटेही धुकं होतं. स्टेशनला सोडायला काका येणार नव्हते, मावशीनं त्यांना रजईतून बाहेर पडू दिलं नाही. भाऊनं शटर वर ढकललं. ते एका हातानं, खडखडत, सरळ वर गेलं. गाडी बाहेर आली, मग इंजिन रस्त्यावर उभं राहून गरम झालं. मावशीनं खिडकीतून एक पिशवी आत दिली. त्यात गजक, रेवडी, दोन कुर्ते आणि खोबरेलाची बाटली.

“हे घेऊन जा परत,” म्हणाली. “पुण्यात वितळेल.”

तेल अजून बाटलीत पांढरं, घट्ट होतं. भुसावळच्या पुढे कुठेतरी, दुपारच्या उन्हात, मी पिशवी उघडली तेव्हा ते वरून पातळ व्हायला लागलं होतं.